माळ्यावरचे बूट

बस खाली उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि आमच्या ऑफिसच्या पांढऱ्या फरशीवर काळा भुगा पडला होता.

चहाची पावडर सांडली असेल असं वाटून मी तो लोटून टाकला. थोड्या वेळाने तसाच भुगा पाण्याच्या कूलरपाशी दिसला. मग सोफ्यापाशी. म्हणजे भुगा चालत होता.

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. सकाळी कॉलेज आणि दुपारी कोथरूडमधल्या या टूर कंपनीत नोकरी. वडील खडकीला कारखान्यात कामगार. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे ऑफिसात बसणाराही पहिलाच. हिवाळ्यात युरोपला जाणाऱ्या गेस्टना बॅगेत काय भरायचं ते सांगणं हे माझं काम. आमच्याकडे प्रवाशाला गेस्ट म्हणतात. एक जाड कोट घेऊ नका, तीन थर घाला, असं मी सांगायचो. अंगालगत थर्मल, म्हणजे तलम पण उबदार बनियन आणि लेंगा. त्यावर लोकर. वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. पायात घोट्यापर्यंतचे, न घसरणारे बूट, आणि जड असल्यामुळे ते बॅगेत न भरता पायातच घालून निघायचं. हे सगळं मी पाठ केलं होतं. मला स्वतःला माहीत असलेली थंडी म्हणजे खडकीची डिसेंबरातली पहाट.

एक सल्ला मात्र ऑफिसमध्ये सगळेच द्यायचे. बूट विकत घेऊ नका, कुणाकडून तरी आणा. आणि ते सहज मिळायचे. प्रत्येक सोसायटीत कुणाचा तरी मुलगा आयटीत होता, कंपनीच्या कामाला परदेशी जाऊन आला होता, आणि त्याचे बर्फातले बूट माळ्यावर होते.

मी भुग्याच्या मागे गेलो. तो त्या दिवशी युरोपला निघालेल्या सबनीस काकांच्या खुर्चीखाली थांबला.

काकांचा खुब्याचा सांधा वर्षापूर्वी बदलला होता. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी देताना बजावलं होतं की पडायचं नाही. पडलात तर दुसरं ऑपरेशन होईलच असं नाही, आणि झालं तरी पुन्हा चालाल याची खात्री नाही. तो कागद मीच फाइलला लावला होता.

मी आधी शुभदा मॅडमकडे गेलो. कंपनी त्यांची.

"मॅडम, सबनीस काकांच्या बुटाचा सोल झडतोय."

"हळू बोल. लोक ट्रिपला चाललेत, अ‍ॅडमिट व्हायला नाही. नीट बघितलंस?"

"भुगा बघितला."

"मग बूट बघ."

मी काकांसमोर उकिडवा बसलो. "काका, जरा बूट बघू का?"

"का? विकत घ्यायचेत?"

"सोल जातोय असं वाटतंय."

"अरे, नवे आहेत! आमच्या अमेयनं जर्मनीत घेतले. एक हिवाळा घातले, मग माळ्यावर. प्लॅस्टिकमध्ये बांधून, डांबरगोळ्या टाकून. ही दर दिवाळीला खाली काढून पुसते आणि परत ठेवते."

"सात वर्षं," काकू अभिमानाने म्हणाल्या.

बूट वरून खरंच नवे दिसत होते. लेससुद्धा मळली नव्हती.

"तू कधी बर्फात चाललायस?" काकांनी विचारलं.

"नाही काका."

"मग?"

आजूबाजूचे हसले. मी उठून उभा राहिलो. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आईने बाबांचा एक बुटांचा जोड चांगल्या दिवसासाठी गुंडाळून ठेवला होता. मी पहिल्यांदा कॉलेजला जायला निघालो तो तिला चांगला दिवस वाटला. कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचेतो एक टाच मागे राहिली. रुमालाने बूट बांधून मी दिवसभर शेवटच्या बाकावर बसलो आणि सगळे गेल्यावर उठलो. त्या टाचेचा भुगा असाच होता. काळा, किंचित चिकट.

तेवढ्यात टूर मॅनेजरने खालून हाक मारली. लोक उठले. काकाही काठी घेऊन उठले आणि दाराकडे निघाले. आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद, सिमेंटचा, मध्ये एक वळण.

मी जाऊन जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. ठरवून नाही. पाय गेले.

"मिलिंद, बाजूला हो," मॅडम म्हणाल्या. या वेळी आवाज वेगळा होता.

"मॅडम, काकांनी हे बूट घालून जिना उतरू नये."

"खाली बस थांबलीय. विमान आपल्यासाठी थांबणार नाही."

"मी घालून उतरतो. काही झालं नाही तर... तुम्ही सांगाल ते."

ही नोकरी गेली तर पुढच्या शिक्षणाचं काय, हे मला नीट माहीत होतं. काका माझ्याकडे बघत राहिले.

"माझे बूट तू घालणार?"

या वाक्यानंतर ते थांबले. आडनाव सांगितल्यावर लोकांचं असं थांबणं मी आधी पाहिलेलं आहे, त्यामुळे मी खाली बघितलं. मग काका खुर्चीत बसले आणि लेस सोडू लागले.

"घाल. पण मोजे तुझे."

बूट मला थोडे सैल झाले. मी कठडा धरला आणि उतरू लागलो. पहिली पायरी. दुसरी. काहीच झालं नाही. वर सगळे ओळीने उभे राहून बघत होते. कुणीतरी घड्याळाकडे बघून "चला आता" म्हणालं. मला वाटलं, चुकलं आपलं. वळणापर्यंत पोचलो तेव्हा मी माफीची वाक्यं जुळवत होतो.

वळणावर उजवा पाय टेकला आणि खालचं काहीतरी सरकलं. पाय पुढे, बूट मागे. कठडा हातात होता म्हणून डोकं वाचलं, पण मी बसल्या बसल्या पायऱ्यांवरून घसरत गेलो. अख्खी टाच सुटून माझ्या आधी खाली पोचली आणि ड्रायव्हरच्या पायाशी थांबली.

त्याने ती उचलून वर बघितलं. "हे कुणाचंय?"

काकांचा हात खुब्यावर गेला होता आणि तिथेच राहिला होता. शेवटी काकूच म्हणाल्या, "म्हणजे मी सात वर्षं हे पुसत होते?"

मॅडमनी मात्र वेळ घालवला नाही. "अजून कुणाच्या पायात माळ्यावरचे बूट आहेत? खरं सांगा."

आधी एक हात वर आला. मग हळूहळू बरेच. आम्ही प्रत्येकाचा बूट काढून मधोमध वाकवला. दोन जोड खारी बिस्किटासारखे तुटले. मी कंबर चोळत चौकातल्या दुकानात पळालो आणि त्या दोघांसाठी बूट आणले. काकांना नवे बूट चालणार नव्हते. न रुळलेला बूट चावला की माणूस लंगडतो. काकूंनी शेजाऱ्याला फोन केला आणि त्याने काकांचे रोजचे फिरायला जायचे बूट आणून दिले. बर्फासाठी बुटावर चढवायची खिळ्यांची रबरी पट्टी मिळते. ती तिकडे पोचल्यावर मॅनेजरने घ्यायची असं ठरलं.

"आणि तुम्ही डोंगरावर बर्फात उतरायचं नाही," मॅडमनी काकांना सांगितलं. "काचेतून बघायचं."

"काचेतून मी टीव्ही रोज बघतो," काका म्हणाले. पण जिना त्यांनी माझा खांदा धरून उतरला.

बस उशिरा सुटली. विमान मिळालं.

हलका, फोमसारखा सोल दमट हवेत नुसता पडून राहिला की आतून विरतो. घालून चालत राहिलं तर जास्त टिकतो. हे मी नंतर वाचलं. आता निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये गेस्टनी बूट घेऊन यायचे आणि सगळ्यांदेखत वाकवून दाखवायचे असा नियम आहे. मॅडमनी ते काम माझ्याकडे दिलं आहे. "नवे नकोत, जपलेले नकोत, वापरातले आणा," असं मी सांगतो. तू बर्फात गेलायस का, असं अजूनही कुणीतरी विचारतंच. जिन्यावरून गेलोय, असं मी म्हणतो.

काका परत आल्यावर ऑफिसला आले. काठी टेकत, स्वतःच्या पायांनी.

"पडलो नाही," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "दोन पावलं बर्फात टाकली. तुझ्या मॅडमना सांगू नकोस."

परवा मी स्वतःसाठी बूट घेतले. आईने खोका हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाली, "ठेवून देते. चांगल्या दिवशी घाल."

मी तेच घालून दूध आणायला गेलो.