आवाज बंद ठेवून शिकलेली विद्या

माझ्या दादाला कुणी ‘बिचारा’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, एवढंच. बाकी त्याच्या तब्येतीला, अकलेला आणि हट्टाला काहीही झालेलं नाही. हट्टाला थोडं काही झालं असतं तर उलट घरात सगळ्यांना बरंच वाटलं असतं.

आमचं सोफे-खुर्च्या नव्यानं मढवून द्यायचं दुकान आहे. पुढे काउंटरवर मी आणि मागे कामाच्या खोलीत तो. बोलायचं ते मी बोलते, करायचं ते तो करतो. माझे मिस्टर म्हणतात की तुमच्या घरात देवानं वाटणी करताना बोलणं सगळं एकीच्याच पदरात ओतलं. म्हणोत बापडे. दादाच्या हातचं काम बघितलं की गिऱ्हाईकच गप्प होतं. खुर्चीच्या कोपऱ्यावर रेक्झिन असं बसवतो की चुणी शोधून सापडत नाही. किती ताणलं की कापड तंग बसेल आणि त्याच्यापुढे किती ताणलं की टाक्यातून फाटेल, हे त्याला बोटांनी कळतं.

आमच्या घरात आईनं एक नियम घालून दिला होता. दादा खोलीत असला की टीव्हीचा आवाज बंद. त्याला कळत नाही त्यावर आपण एकट्यानं हसायचं नाही. आम्ही भावंडं बातम्यासुद्धा मुक्याच बघत मोठी झालो. त्याला हाक मारायची तर पाय आपटायचा, लाकडी जमिनीतून ते त्याला बरोबर पोचतं. नाहीतर दिव्याचं बटण खालीवर करायचं. पण मागून जाऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही. ते त्याला मुळीच खपत नाही. ऐकू येणाऱ्याला मागून येणारा माणूस आधी पावलांवरून कळतो. दादाच्या पाठीशी माणूस एकदम उगवतोच. म्हणून कुठंही गेला तरी तो भिंतीला पाठ लावून बसतो.

पन्नाशीकडे झुकल्यावर या माणसाला जिऊ-जित्सू नावाच्या परदेशी कुस्तीचं वेड लागलं. झालं असं की कोपरे दुमडायच्या पद्धती मोबाइलवर बघता बघता त्याच्यासमोर एक भलताच व्हिडिओ आला. गादीवर दोन माणसं बसलेली, एक दुसऱ्याच्या पाठीला दप्तरासारखा चिकटलेला. पुढचा लोळतोय, वळतोय, झटकतोय, पण मागचा काही सुटत नाही. दादानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. मग मला बोलावून हातांनी म्हणाला, ‘पाठीमागे आलेल्या माणसाचं काय करायचं, ते या लोकांना माहीत आहे.’

मला वाटलं, चार दिवसांची हौस. पण तो हात धुवून त्या विद्येच्या मागे लागला, आणि विद्येला मान लागते ती माझी! कामाच्या खोलीत फोमच्या जाड पाट्या अंथरून त्यावर रेक्झिन ताणलं की झाला आखाडा. दुकान बंद केलं की मी पुढे बसायची आणि तो मागे. छाती माझ्या पाठीला घट्ट. एक हात माझ्या खांद्यावरून, दुसरा काखेतून, आणि दोन्ही हातांची पकड माझ्या छातीवर, गाडीतल्या पट्ट्यासारखी. पाय माझ्या मांड्यांच्या आतून आकड्यासारखे अडकवलेले. मग वरचा हात हळूच हनुवटीखाली सरकवायचा, कोपर बरोबर माझ्या हनुवटीच्या रेषेत आणायचं, आणि दुसरा तळवा माझ्या डोक्यामागे लपवायचा. यात घसा दाबायचा नसतो, दोन्ही बाजूंच्या शिरा दाबायच्या असतात. सहन होईना झालं की समोरच्यानं हातानं थोपटायचं, म्हणजे मागच्यानं तत्काळ सोडायचं. हे सगळं आम्ही बघून बघून शिकलो, अर्थातच आवाज बंद ठेवून.

“चला, तुझा गळा बंद करणारा कुणीतरी भेटला,” मिस्टर म्हणाले. त्या दिवशी त्यांना चहा उशिरा मिळाला.

खरं सांगते, मला दादाचं कौतुक वाटायचं. आपण व्हिडिओ बघतो तेव्हा कान देऊन अर्धवट बघतो. दादा त्या शिकवणाऱ्या माणसाची करंगळीसुद्धा सोडत नसे. टाच कुठं टेकली, डोकं कुठल्या बाजूला चिकटवलं, पकडायच्या आधी खांदा किती खाली गेला, सगळं टिपायचा. शिकवणारा आपले घोटे पुढे एकमेकांत कधीच अडकवत नाही, हे त्यानं स्वतः हेरलं; आणि का नाही, हे माझा घोटा पिरगाळून मला पटवलं. पुढे तर तो माझा एक हात स्वतःच्या पायाखाली दाबून टाकायचा आणि दुसरं मनगट मुठीत धरून ठेवायचा. मग मी थोपटणार कशानं? मी पाटीच्या बाहेर जमिनीवर पाय आपटायची. लहानपणापासून त्याला तशीच हाक मारत आले होते. तो लगेच सोडायचा. यात काही राहून गेलंय, असं आम्हा दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

वर्षभर माझी मान शेकून झाल्यावर मी त्याला खऱ्या क्लासला नेलं. टायरच्या दुकानावर एक हॉल होता, खाली रबराचा वास आणि वर घामाचा. कोच तरुण होता, पण त्याचे कान घासून घासून चुरगळलेले.

“व्हिडिओ बघून शिकलेत?” तो हसला. “म्हणजे उंटावरून शेळ्या.”

पहिल्या दिवशी दादाला सगळ्यांनी लोळवलं. खोटं कशाला सांगू, उभ्यानं खेळायचं त्याला काहीच येत नव्हतं आणि खाली सापडला की उताणं पडलेलं कासव बरं. पण एकदा का कुणाची पाठ त्याच्या हाती लागली की मग देवानंच सोडवावं. पोरांनी त्याचं नाव ‘गोचीड’ ठेवलं. मी रागानं लाल झाले, पण त्याला सांगितल्यावर तो इतका खूश झाला की घरी येऊन मिस्टरांना नक्कल करून दाखवली.

त्या हॉलमध्ये दादा मला वेगळाच दिसायला लागला. बाहेर लोक त्याच्याशी बोलायचे म्हणजे तोंडापुढे येऊन ओरडायचे, नाहीतर त्याला ओलांडून माझ्याशी बोलायचे. इथं सगळं बोलणंच अंगानं. ढकललं, ओढलं, वजन टाकलं, सुटलं, की झाली गप्पांची मैफल. तिथं त्याला माझी गरज उरली नव्हती. मी बाकावर बसून नुसती बघायची. आयुष्यात पहिल्यांदा दादाला माझ्यावाचूनची माणसं मिळाली होती, आणि ते बघून मला फार बरं वाटायचं.

मग एका संध्याकाळी बेकरीवाल्याचं झालं. धिप्पाड, गोरापान, गप्पिष्ट माणूस, दादाचा नेहमीचा जोडीदार. दादानं त्याची पाठ घेतली, एक हात पायाखाली दाबला, दुसरं मनगट धरलं आणि गळ्याखाली कोपर बसवलं. बेकरीवाला म्हणाला, “बस.” मग पुन्हा म्हणाला, “बस, बस!” दादा त्याच्या मागे. त्याला ओठ दिसत नव्हते, आणि थोपटणारे हात तर त्यानंच धरून ठेवलेले. मी बाकावरून उठून पाय आपटला, पण खाली रबरी गादी. कोच धावला तोवर बेकरीवाल्याची मान लुळी पडली होती.

क्षणभरानं बेकरीवाल्यानं डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “भट्टी बंद केली का?” सगळे हसले. दादा हसला नाही. काय झालं ते मी त्याला हातांनी सांगत होते, आणि त्याचा चेहरा उतरत उतरत पांढराफटक पडला.

कोच चांगला माणूस होता, म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागलं.

“ताई, चूक त्यांची नाही. पण जबाबदारी माझी आहे. हात अडकले की तोंडानं सांगायचं, हा इथला पहिला नियम.”

“मग सगळ्यांना पाय आपटायला सांगा ना! नाहीतर त्याला चिमटा काढायला सांगा.”

“सांगीन. पण घाबरलेला माणूस आधी ओरडतोच, ताई. शिकवलेलं सगळं त्या वेळी विसरतो. यांना ऐकूच येत नसेल तर मी दुसऱ्याचा गळा यांच्या हातात कसा देऊ? व्यायामाला येऊ देत. जोडीत मात्र नाही.”

दुसऱ्या दिवशी दादानं तो जुना व्हिडिओ काढून मोबाइल माझ्या हातात दिला आणि खूण केली: आवाज लाव. आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं. मी लावला. वर्षभर ज्याला गुरू मानलं त्या पैलवानाचा आवाज सर्दी झालेल्या पोरासारखा निघाला. पण सुरुवातीलाच तो स्पष्ट सांगत होता, की दोन्ही हात अडकले तर बोला. आणि मागच्यानं कान जोडीदारापाशी ठेवायचा. मी दादाला शब्दन्‌शब्द सांगितला. तो उठला, एक जुनी खुर्ची पुढ्यात घेतली आणि तिच्या पिना उपटत बसला. त्या खुर्चीचं काम कुणी दिलेलंही नव्हतं.

पुढचे कित्येक दिवस त्यानं मोबाइलला हात लावला नाही. व्यायामालाही गेला नाही. जेवायचा, काम करायचा, झोपायचा. फोमच्या पाट्या भिंतीला उभ्या करून ठेवल्या. मला वाटायचं की मीच त्या कोचच्या पाठीवर जाऊन बसावं. रोज दुकानात त्याच्याकडे बघून माझा जीव तुटायचा, आणि मी तो राग गिऱ्हाइकांवर काढायची.

एका दुपारी फोमवाल्याशी फोनवर भांडत होते. मागवला कडक फोम, पाठवला लोण्यासारखा. मी अगदी रंगात आले होते, तेवढ्यात मागून दादाचा हात आला आणि माझ्या गळ्याभोवती कोपर बसलं. हलकंच, पण बरोबर जागेवर. मला वाटलं, आता हा गेला कामातून! मी थांबले, तर त्यानं मोकळ्या हातानं खूण केली: बोल, बोलत राहा. मग काय, मी फोमवाल्याला असं झाडलं की बिचाऱ्यानं त्याच दिवशी नवा माल पाठवला. मी फोन ठेवला त्याच क्षणी दादानं पुन्हा खूण केली. ‘आता थांबलीस.’

मी वळून बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

त्या दिवसापासून पाट्या पुन्हा जमिनीवर आल्या. तो मागून कोपर बसवायचा आणि मी बोलायची. सुरू झालं की तो बोट वर करायचा, थांबलं की खाली. मग मी मुद्दाम हळू बोलायला लागले. मग फास जरा आवळून. मग आणखी आवळून, घोगऱ्या, अर्ध्यामुर्ध्या आवाजात. मी कण्हले तरी त्याचा हात उघडायचा. सुरुवातीला तो चुकायचा. माझ्या गिळण्याला, खोकण्याला फसायचा. चुकला की मला उठू द्यायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून. बोलून बोलून घसा बसला तेव्हा मिस्टरांनी दादाचा हात हातात घेऊन त्याचे आभार मानले.

त्याची खात्री झाल्यावर आम्ही हॉलवर गेलो. मी कोचला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“ताई, तुमच्यावर जमतंय. तुमच्या आवाजाची त्यांना सवय झालीय. दुसऱ्या कुणावर मी कसा प्रयोग करू?”

“माझ्यावर करा,” कोपऱ्यातून बेकरीवाला म्हणाला. पट्टा आवळत तो येऊन दादाच्या पुढ्यात बसलासुद्धा, पाठ करून. आपण ज्याच्या हातून बेशुद्ध पडलो त्याला पुन्हा आपणहून पाठ देणारा तो माणूस मी कधी विसरणार नाही.

कोचनं माझ्याकडून दादाला नीट समजावलं. बेकरीवाला थोपटणार नाही, पायही आपटणार नाही. मग कोच स्वतः गुडघे टेकून बेकरीवाल्याच्या तोंडाशी बसला, गरज पडली तर हात ओढून काढायला. दादानं आकडे घातले. एक हात पायाखाली घेतला, दुसरं मनगट धरलं, कोपर हनुवटीखाली सरकवलं आणि आवळलं. हॉलमधल्या सगळ्या जोड्या थांबल्या.

बेकरीवाला बोलेना. एरवी ज्याचं तोंड मिटत नाही तो माणूस नेमका तेव्हा गप्प. त्याचा चेहरा लाल झाला, कपाळावरची शीर फुगली. बोल ना रे बाबा, मी मनात म्हणत होते. आता हा पुन्हा पडला तर दादाला या हॉलची पायरी चढता येणार नव्हती.

आणि एकाएकी दादानं हात उघडला.

बेकरीवाला पुढे वाकून धापा टाकायला लागला. कोचनं चमकून दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“यांनी मधेच का सोडलं? हा काही बोलला का?”

“मला नाही ऐकू आलं,” मी म्हणाले. वाटलं, चुकला. घाबरला आणि आधीच सोडून बसला.

“मलाही नाही,” कोच म्हणाला. “मी तर त्याच्या तोंडाशी होतो.”

“बोललो की!” बेकरीवाला घसा चोळत म्हणाला. “बस म्हणायला गेलो, पण ब सुद्धा धड निघाला नाही. मला वाटलं, आता पुन्हा भट्टी दिसणार.”

कोच तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. दादा आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघत होता. कुणी काही सांगेना म्हणून त्यानं मला हातांनी विचारलं, ‘काय झालं?’

‘तो बोलला,’ मी सांगितलं. ‘पण आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही.’

आमच्या घरच्या भाषेत ‘ऐकलं’ म्हणायचं तर बोट कानाला लावतात. दादानं बोट कोपराच्या आतल्या बाजूला लावलं. ‘मी ऐकलं,’ तो म्हणाला.

मी ते कोचला सांगणार होते, पण सगळं बोलणं ज्या एकीला मिळालंय म्हणतात तिच्या तोंडून शब्द फुटेना. सांगायची गरजही पडली नाही. कोच उठला, टाळी वाजवून सगळ्यांना जोड्या लावायला सांगितल्या आणि दादाचा दंड धरून त्याला रांगेत उभं केलं.