द्वारका

बेंगळुरूत मी ज्या घरी स्वयंपाक करते, तिथं काल बारसं होतं. "मुलीचं नाव द्वारका ठेवतोय, मावशी. जुनी नावं परत चालू झालीत," बाळाची आई म्हणाली. माझ्या आईचं माहेरचं नाव द्वारका. लग्नात माझ्या वडिलांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुनीता' लिहिलं, आणि द्वारका तिथंच संपली. पुढं आईही लवकर गेली, माझी शाळा सुटली. जुनं पातळ कुणीही नेसावं, पण त्याला आधीच्या बाईचा वास असतो. तिचं नशीब या लेकराला लागलं तर?

बाळाची आत्या परदेशात. "कानात नाव तुम्हीच सांगा," बाळाची आई म्हणाली. परमुलखात मला एवढा मान! नाही म्हणवेना. पाळण्यात वाकून 'कुर्रर्र' केलं आणि कसंबसं म्हणाले, "द्वारका." रीतीप्रमाणे बायकांनी पाठीत धपाटे घातले. "अहो आत्याबाई, घाबरता काय? जोरात!"

आईला नावानं हाक मारायची आपल्यात पद्धत नाही. काल मी ती हाक पुन्हा मारली, जोरात. बाळानं झोपेतच हुंकार दिला.