राखणदाराला सांगून नेलेला रगडा

सुर्ल्याची राखण करणारा देव, म्हणजे तिथला राखणदार, कृष्णनाथ काकांनी मासळीच्या टेम्पोत घालून चोपड्याला पळवून आणला, असं आमच्या वाड्यावर सांगतात. सांगणारे डोळ्यांनी बघितल्याची शपथ घेतात. काळा दगड होता, वर जास्वंद होतं, आणि उतरवताना काका त्याला ‘सांभाळून म्हाराजा’ म्हणत होते. एका बाईने तर कुंपणाआडूनच हात जोडून नातवाच्या बारावीचं सांगून घेतलं.

तो दगड म्हणजे विमला काकीचा वाटणाचा रगडा. आणि ‘म्हाराजा’ काका सगळ्यांनाच म्हणतात, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा. राखणदार होता तिथेच आहे. त्याच्याशी काकांचं बोलणं मात्र झालं, आणि ते दोनदा झालं, हे खरं.

काकांनी सुर्ल्याच्या खाणीवर बावीस वर्षं टिप्पर चालवला. खाण बंद पडली तेव्हा काका-काकी चोपड्याला परत आली आणि सामान ‘दोन महिन्यांपुरतं’ तिथल्याच एका कंत्राटदाराच्या गोदामात ठेवलं. त्या दोन महिन्यांना आता अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात टिप्पर सुटला आणि काका गाऱ्हाणं घालणारे झाले. वाड्यावर कोणाचं लग्न असो, बोअरवेल असो, नवी स्कूटर असो, नारळ हातात घेऊन देवाला सगळं मोठ्याने सांगायचं काम काकांचं. ते एकेक वाक्य सोडणार आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. दुसरे लोक तीन मिनिटांत आटपतात. काकांना वीस लागतात. त्यांचं म्हणणं, देवाला अर्धवट सांगितलं की तो आपल्या मनाने भर घालतो.

शनिवारी सकाळी साडेआठला फोन आला. गोदाम विकलं गेलं, एक वाजता चावी नव्या मालकाच्या हातात जाणार, त्यानंतर आत राहील ते त्याचं. काका कपाटाचं बोलायला लागले, पंख्याचं बोलायला लागले. काकी म्हणाली, कपाट राहूदे, खाट राहूदे, माझा रगडा तेवढा आणा. तो तिच्या आईचा, आमोण्याहून लग्नात आलेला. आणि सोमवारपासून काकी पडवीत आठ ताटांची खाणावळ सुरू करणार होती. बोर्ड रंगवून तयार होता, ‘रगड्यावरच्या वाटणाचे जेवण’. वाळायला उन्हात ठेवला होता.

टेम्पो सिद्धेशचा. तो नुकताच बांगडे टाकून आला होता, मागून बर्फाचं पाणी गळत होतं. सिद्धेशला कोणाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे त्याचं लग्नही दोन ठिकाणी ठरता ठरता राहिलंय. पुढे आम्ही चौघं बसलो. मला घेतलं ते ओझी उचलायला नाही. काकांना ‘व्हय म्हाराजा’ खणखणीत म्हणणारं माणूस लागतं आणि माझा आवाज नदीपलीकडे शिवोलीला ऐकू जातो, असं ते म्हणतात.

साडेदहाला पोचलो. भरायला फार तर अर्धा तास. पण काकांनी चपला काढल्या. अकरा वर्षं हे सामान इथल्या राखणदाराने राखलं, त्याला न सांगता हलवायचं कसं. नारळ ठेवला, जास्वंद ठेवलं आणि एकेक जिन्नस सांगायला सुरुवात केली.

“ह्या एक लोखंडी कपाट, म्हाराजा, एका दाराक बिजागरी नाय.”

व्हय म्हाराजा.

“ह्यो पंखो, फिरता पण बोंब मारता, म्हाराजा.”

व्हय म्हाराजा.

देवापुढे खोटं बोलायचं नाही म्हणून प्रत्येक वस्तूचा दोष सांगून झाला. कुठली खुर्ची कोणाच्या वजनाने मोडली, हेही आलं. ते नाव काकीच्या माहेरचं होतं, तिथे ‘व्हय’ जरा हळू आलं. शेवटी विमलेच्या आईचा रगडा, वरवंट्यासकट, तोही नेतो म्हणून सांगितलं. मग ‘एकाचे एकवीस कर म्हाराजा’ म्हणाले, तेव्हा सिद्धेश माझ्या कानाशी पुटपुटला की टेम्पोत एकाचीच जागा आहे.

पावणेबाराला निघालो. अस्नोड्याला येईपर्यंत काका खुशीत होते. पुलाच्या अलीकडे काकीने सहज विचारलं, “रगडो खंय ठेवलास रे सिद्धेश?”

सिद्धेशने सांगितलं की त्याने तो ठेवलेला नाही, काकांनी ठेवला असणार. काकांनी सांगितलं की सत्तर किलोचा दगड ते कसा उचलतील, पण रगडा आहे, नक्की आहे, त्यांनी स्वतः सांगितलाय. कोणाला, असं काकीने विचारलं. राखणदाराला, असं काका म्हणाले.

टेम्पो बाजूला घेतला. मागे बघितलं. बिजागरीविना कपाट होतं, बोंब मारणारा पंखा होता, मोडकी खुर्ची होती. रगडा गोदामाच्या दाराआड राहिला होता. काकांच्या डोक्यात यादी म्हणजे गाऱ्हाणं. त्यात आला म्हणजे टेम्पोत आला. आणि आम्ही तिघंही घसा फोडून ‘व्हय’ म्हणालो होतो, त्यामुळे आम्हालाही तो आल्यासारखाच वाटत होता.

काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तशी ती एकदाच बसली होती म्हणे, खाण बंद झाली त्या दिवशी. काका म्हणाले, “फिरव टेम्पो.”

वाटेत दुसऱ्या खाणींचे खनिजाचे ट्रक सुरू झाले होते. एकामागे एक, मुंग्यांसारखे, आणि प्रत्येकाच्या मागे आम्ही. काका घड्याळ बघून सिद्धेशला टिप्पर कसा हाणायचा ते शिकवत होते. एक वाजला तेव्हा साखळीही आली नव्हती. मी म्हटलं, काका, गेट आता कोणी उघडणार नाही. काका म्हणाले, उघडणार. पैज लागली. गेट उघडलं नाही तर काका चोपड्यापर्यंत एक शब्द बोलणार नाहीत. उघडलं तर सोमवारचं पहिलं वाटण मी वाटणार, आठ ताटांचं.

एक पस्तीसला गोदामाच्या गेटला मोठं कुलूप होतं आणि सकाळी नसलेला एक वॉचमन. नाव मधुकर, दोडामार्गकडचा. मालकाची ताकीद आहे, एक वाजल्यानंतर माणूस आत नाही की वस्तू बाहेर नाही, असं त्याने नीट सांगितलं. काकांनी वाद घातला नाही. चपला काढल्या. सिद्धेशच्या डॅशबोर्डवरचा नारळ घेतला आणि गेटकडे तोंड करून उभे राहिले.

“बा राखणदारा म्हाराजा, सकाळी तुका सांगलंय, रगडो नेतंय म्हणान.”

सिद्धेश टेम्पो वळवायला गेला होता. काकी टेम्पोतच होती, तोंडाला कुलूप. आणि मी ओठ घट्ट मिटून आंब्याच्या झाडाकडे बघत उभी राहिले. जिंकायचं होतं मला.

‘व्हय’साठी काका थांबले. गाऱ्हाण्याला हुंकार नाही म्हणजे सांगणं हवेत लटकलेलं, ते पुढे सरकत नाही आणि मागेही घेता येत नाही. मधुकर या पायावरून त्या पायावर झाला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी आंबे मोजत होते, त्या झाडाला तेव्हा एकही नव्हता.

“नेलंय नाय, म्हणजे तुज्याकडे खोटा बोललंय, म्हाराजा.”

मधुकरने टोपी काढली.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला. अगदी हळू, चोरी केल्यासारखं.

काकांनी मान वळवली नाही, पण त्यांचा आवाज चढला. ह्या माणसाच्या आयशीच्या हातचं वाटण याला अजून आठवत असेल, म्हाराजा. व्हय म्हाराजा. त्याच्या मुलाबाळांना बरं ठेव. व्हय म्हाराजा, आता खणखणीत. मालकाचं नुकसान नको आणि याची नोकरीही जायला नको. व्हय म्हाराजा, डोळे मिटून.

“आणि माजा खोटा खरा करूक, ह्याच्या हातान ह्या गेट पाच मिन्टां उघाड, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मधुकर म्हणाला, आणि मग त्याने डोळे उघडले.

काका नारळ धरून त्याच्याकडे बघत होते. मधुकरने टोपी घातली, पुन्हा काढली, खिशातली किल्ली काढली. देवापुढे हो म्हटलंय, आता काय करणार, असं तो कुलपाशीच बोलला. रगड्याला एका बाजूने त्यानेच हात लावला. टेम्पोत चढवल्यावर काकांनी वर जास्वंद ठेवलं, आणि काकी खाली उतरून दगडाच्या खळग्यात हात घालून बघून आली, आतलं काही कमी झालंय का ते.

सोमवारी सकाळी सहाला मी काकीच्या पडवीत रगड्यापुढे बसले. खोबरं, धने, मिरच्या, आठ ताटांचं. चौथ्या ताटापर्यंत खांदा गेला. काका बोर्ड टांगत होते आणि परतीच्या वाटेवर सुर्ल्यापासून चोपड्यापर्यंत मला जे सांगितलं होतं, ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. काकीने वाटण बोटावर घेऊन चोळलं आणि म्हणाली, अजून जाड आहे, फिरव.