लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

बारामतीत माझं मेडिकलचं दुकान आहे आणि काटेवाडीचे एक आबा गेले काही महिने माझं डोकं खातायत. कंबरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना दुखण्यावरच्या कडक गोळ्या दिल्या होत्या. दुखणं थांबलं, पण गोळ्या सुटेनात. शेवटी डॉक्टरांनीच त्या हळूहळू कमी करत बंद केल्या.

तरी डेअरीला दूध घातलं की आबांची मोपेड माझ्या दारात. पिशवीतून जुनी चिठ्ठी काढायची, तीही लॅमिनेशन केलेली, आणि काउंटरच्या काचेवर पुढं सरकवायची.

"आबा, ही चिठ्ठी आता चालत नाही."

"न चालायला काय झालं? फाटू नये म्हणून तर लॅमिनेशन केलंय."

मग गिऱ्हाइकांची वाट अडवून हात चोळत उभं राहायचं. मी नाही म्हणायचं, त्यांनी कुरकुर करायची, माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायचं आणि जायचं.

परवा माझा पारा चढला. "वाटेत एवढी मेडिकलं आहेत. रोज मलाच का छळता?"

त्यांनी बाहीनं चिठ्ठी पुसली. "तितं ही दावली की गोळ्या देत्यात," ते म्हणाले. "म्हणून तितं थांबत न्हाय. हितं तुमी न्हाय म्हणता, मग माझा दिवस निघतो."



आज दुकानात गर्दी होती. आबा दिसले तसा मी सगळ्यांच्या डोक्यावरून ओरडलो, "नाही मिळणार."

आबांनी पिशवीत हातसुद्धा घातला नाही. मोपेड तिथूनच वळवली.