कोंबाच्या बुडाशी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका उन्हाळ्यात भडगावजवळच्या ऊस-रोपांच्या प्रयोगशाळेतून शोभाअक्काला कामावरून काढलं. तिच्या हातांमुळे बाटल्यांत जिवाणू शिरतात, असं कारण दिलं गेलं. ते कारण मी पुरवलं होतं. ते खोटं होतं. हे मी घरातही कुणाला बोललेले नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

काम असं होतं. ऊस गरम पाण्यात ठरावीक वेळ ठेवायचा, म्हणजे आत दडलेले जिवाणू मरतात. मग त्याच्या डोळ्यांतून फुटलेले कोंब बाटलीतल्या थिजलेल्या, पारदर्शक खाद्यावर लावायचे. कोंब लावायचं काम बायकांचं. गरम पाण्याचं काम माझं, आणि बायकांवर देखरेखही माझीच.

त्या दिवशी वीज गेली. पाणी कोमट झालं. वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला हवी होती. मला धुळ्याची बस गाठायची होती — मामेबहिणीची हळद होती. मी ऊस बाहेर काढला. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, झालं. त्याच उसाचे कोंब पुढे बायकांनी बाटल्यांत लावले.

बाटल्या दुधाळ झाल्या. हातांतून गेलेली घाण खाद्यावर कुठेही ठिपक्यांनी उठते. इथे ती प्रत्येक बाटलीत कोंबाच्या बुडाशीच होती. म्हणजे उसातूनच आली होती. मला पाहताक्षणी कळलं. साहेब हिशेबखात्यातून आलेले, त्यांना हा फरक माहीत नव्हता. चूक कुणाची, त्यांनी विचारलं. मी शोभाअक्काच्या मनगटांकडे पाहिलं आणि म्हटलं, बांगड्यांत जंतू राहतात. तिच्याच का? बाकीच्या बायका कामाला बसताना बांगड्या काढायच्या, ती काढत नसे — एवढंच.

"ताई, जंतूस्ले बांगड्यासना आवाज आवडस का?" ती म्हणाली. सगळ्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी ती बांगड्या उतरवून आली. नवरा असताना हात मोकळे नकोत, म्हणून दोन्ही मनगटांना दोरा बांधला होता. मी म्हटलं, दोऱ्यातही जंतू राहतात. तिने हात पुढे केले.

"तूच काप, ताई. माले जमाव नही."

मी कापला. कोंब कापायच्या पात्याने. मध्ये जरासुद्धा थांबले नाही — याचा धक्का मला आजही बसतो. ती बाई मीच होते का? दुसरं कोण असणार?

त्याच उसाचे उरलेले कोंब तिने उघड्या मनगटांनी लावले. त्याही बाटल्या दुधाळ झाल्या. आता तरी खरं बोलायला हवं होतं. मी साहेबांना सांगितलं, हिच्या हाताला स्वच्छतेची सवयच नाही. आठवडा संपायच्या आत तिला काढलं.

मग नवा ऊस आला. या वेळी मी पाण्याजवळून हलले नाही. वेळ पूर्ण होईपर्यंत उभी राहिले.

बाटल्या स्वच्छ निघाल्या. साहेबांनी सगळ्यांना बोलावून त्या दाखवल्या.

"अक्का गेली, जंतू गेले. बरोबर ना, मॅडम?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी होकारार्थी मान हलवली.