मॅसिव्ह म्हणजे भव्य

अण्णा गेले तेव्हा मी आठवीत होते. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले, "मॅसिव्ह अटॅक होता" म्हणाले आणि निघून गेले. आईने माझ्याकडे पाहिलं. जामखेडकडच्या आमच्या वस्तीवर इंग्रजी येणारी मी एकटी, आणि त्याचा तोराही मी लई मिरवायचे.

"मंजी काय गं?"

माझ्या छोट्या डिक्शनरीत त्याचे दोन अर्थ होते, प्रचंड आणि भव्य. आदल्याच आठवड्यात निबंधात किल्ल्याच्या दरवाजाला मॅसिव्ह लावून मी बाईंची शाबासकी घेतली होती. तेच तोंडात आलं. "भव्य," मी म्हणाले. प्रचंड म्हणाले असते तर काय बिघडलं असतं माझं?

मग दहा दिवस माणसं भेटायला येत राहिली आणि आई प्रत्येकाला सांगत राहिली, "भव्य अटॅक आला हो ह्यांना." आमच्याकडे भव्य असतात ती दुकानांची उद्घाटनं, तीही फ्लेक्सवर. चुलते उपरण्यात तोंड घालून हसले. पोरीची शाळा पुरे, आता ऊसतोडीला न्या, असं त्यांचं तेव्हा चाललंच होतं.

मी आईला चूक सांगितली नाही. पुढे डीएड, संगमनेरची नोकरी, यात राहून गेलं. खोटं कशाला बोलू, हिंमतच झाली नाही. आज मी इंग्रजी शिकवते, आणि मुलांच्या वहीत हा शब्द दिसला की मी घाईने पान उलटते. आईचं हसं मी केलं, दुसऱ्या कुणी नाही.

यंदा आईच्याच छातीत दुखलं. तिला संगमनेरला आणलं. डॉक्टर म्हणाले, "माइल्ड आहे, घाबरू नका." ते गेल्यावर तिने पुन्हा तेच विचारलं, "मंजी काय गं?"

"हलका." मग मला राहवलं नाही. "आई, अण्णांच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. अटॅकला भव्य म्हणत नाहीत. लोक तुला हसायचे."

"ठावं हाय मला. तुझ्या चुलत्यानं तिसऱ्याच दिशी सांगितलं हुतं."

"मग तरी तेच म्हणत राहिलीस?"

तिने सलाईनचा हात सावरून घेतला.

"म्या शब्द बदलला आसता तर तुझं इंग्रजी खोटं पडलं आसतं. मंग कोयता दिला आसता त्यांनी तुझ्या हातात."