मोक्षदा खेपीचं शेवटचं कडवं

अजय नदीच्या काठावर जत्रा भरली होती आणि स्टेजच्या मागे बिधान दोलुई दोतारा लावत बसला होता. तार काही सुरात येईना. येणार कशी, नजर सारखी पडद्याच्या फटीतून बाहेर जात होती. समोर, पहिल्याच रांगेत गोणपाटावर मोक्षदा खेपी येऊन बसली होती.

ही मोक्षदा म्हणजे त्याची गुरू; देवाच्या वेडात गाणाऱ्या बाउल बाईला तिकडे खेपी म्हणतात. बाप गेल्यावर गाडीत मुरमुरे विकत फिरणाऱ्या या पोराला तिनंच गात फिरणाऱ्या बाउल बैराग्यांच्या आखड्यात, म्हणजे मठात आणलं, भात घातला, दोतारा हातात दिला. तिच्या पायाशी बसूनच तो गाणारा झाला. पुढे कोलकात्याहून 'नोनाजल' बँडची पोरं आली. कुठल्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणारी, ढोलापासून स्पीकरपर्यंत सगळं स्वतःच वाहणारी. पोरं वाईट नव्हती हो, बिधानला त्यांनी डोक्यावर घेतलं. आणि यानं त्यांना काय दिलं, तर खेपीनं रचलेलं होडीचं गाणं. आज ते घराघरात वाजतंय, पण शेवटच्या कडव्याशिवाय. लांबतं म्हणून गिटारवाल्या सोमकनं ते उडवलं आणि या शहाण्यानं मान डोलावली.

शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं आणि ते आलं की ऐकणारे हात जोडून कपाळाला लावतात. नाव गाळून गाणं म्हणणं ही या लोकांत सरळ चोरी. असल्या माणसाला आखड्याच्या पंगतीत पान वाढत नाहीत. बिधानला हे माहीत नव्हतं थोडंच?

"सोमक, आज शेवटचं कडवं घ्यायचं," तो म्हणाला.

"बिधानदा, डोकं ठिकाणावर आहे ना? ढोलाचा शेवट त्याच्या आधी बसवलाय आपण."

"मा बसलीय समोर."

"मग नंतर पाया पड. एवढ्या आवाजात म्हातारीला काय कळतंय?"

"अरे, गाणंच तिचं आहे."

सोमकनं गिटार गळ्यात अडकवली. "बरं, ढोल थांबला की तू एकटा घे. पण अडखळलास तर सगळ्यांची शोभा होईल, सांगून ठेवतो."

गाणं सुरू झालं. लोक डोलायला लागले, पण बिधानचं लक्ष फक्त पुढच्या रांगेकडे. खेपी डोळे मिटून ऐकत होती. ढोल थांबला. खालच्या माणसांचे हात जोडले जाऊन छातीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. बिधाननं तोंड उघडलं.

कडवं आठवेना.

इतके दिवस ज्या जागी थांबायची सवय लावली, त्याच जागी जीभ थांबली. त्यानं दोताऱ्यावर एक फेरा घेतला, आणखी एक घेतला. सोमक डोळे वटारून बघत होता.

"नाव घे की रे," खालून कुणीतरी ओरडलं.

खेपीनं डोळे उघडले. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि माइकशिवाय, फाटक्या आवाजात तिनं कडवं उचललं. घाट जवळ आलाय, वल्हं सुटलंय, आता हाक कुणाला मारू. मग नावाची जागा आली. तिनं श्वास घेतला आणि म्हटलं, "बिधान म्हणे."

सगळे हात कपाळाला गेले. बिधाननं दोतारा खाली ठेवला.

"बघ, म्हातारीनं गाणंच देऊन टाकलं तुला," सोमक खुशीत त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला.

बिधान उडी मारून खाली आला. "मा, असं नको करूस. तुझं नाव घे. मी पाया पडतो तुझ्या."

"माझं नाव तुला जड होत होतं ना, बाबा? आता गाळायला नको. गाणं तुझंच झालं, मी टाकलं ते."

तो वाकला, तशी तिनं पावलं मागे घेतली. आजवर तिनं त्याला पायाला हात लावू दिला नाही असं कधी झालं नव्हतं. आखड्यात पानं मांडली होती. खेपी बाकीच्यांबरोबर तिकडे चालायला लागली आणि बिधानला कुणी चल म्हटलं नाही. मागे लोक तेच गाणं पुन्हा मागत होते.